एकशे सात व्होल्ट

विजेशी माणसाने आयुष्यात एकदाच खोटं बोलावं. दुसऱ्यांदा बोलायला तो उरत नाही. हे वाक्य प्राध्यापक रघुवीर हर्डीकर इंदूरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात दर वर्षी पहिल्या तासाला अत्यंत गंभीर चेहऱ्याने उच्चारत, आणि एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने ते वहीत उतरवून घेतलं नव्हतं. परीक्षेत ते येत नसे. परीक्षेत येई ‘अर्थिंगची आवश्यकता आकृतीसह स्पष्ट करा’, सात गुणांना, आणि ते मात्र न चुकता येई, कारण पेपर रघुवीररावच काढत.

स्वतः रघुवीरराव विजेशी कधीच खोटं बोलले नव्हते. नीट पाहिलं तर ते तिच्याशी काहीच बोलले नव्हते. लॅबमधल्या प्रयोगांची सगळी जोडणी गोपीनाथ नावाचे लॅब अटेंडंट सकाळी नऊलाच करून ठेवत. सर अकराला येत, लाकडी पट्टीने एकेक तार दाखवत ‘धिस इज फेज, धिस इज न्यूट्रल’ म्हणत, आणि प्रयोग यशस्वी होई. गोपीनाथ मागे भिंतीला टेकून उभे असत. एकतीस वर्षांत सरांचा हात एकाही तारेला लागला नाही आणि लॅबमध्ये एकही अपघात झाला नाही. या दोन गोष्टींपैकी दुसरीचा उल्लेख कॉलेजच्या वार्षिक अहवालात सरांच्या नावावर होता.

असा माणूस वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका रविवारी, राजेंद्र नगरमधल्या स्वतःच्या घरात, बाथरूमच्या दारात स्टूल मांडून त्यावर चढला, त्याला तसंच कारण होतं. कारण त्यांची बायको होती.

वसुंधराबाईंना दीड वर्षापासून झिणझिण्या येत होत्या. त्या सरकारी शाळेत गणित शिकवत. सकाळी सहाला आंघोळ, पावणेसातला डबा, सातला गेटबाहेर, असा त्यांचा क्रम. आंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की बोटांपासून कोपरापर्यंत बारीक झिणझिणी जाते, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात. रघुवीररावांनी ती तक्रार उडवून लावली नाही. त्यांनी ती शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासली. कॉम्प्युटरवर काम करत बसले होते, तो बटणावरून बंद केला, चष्मा पुसला आणि बाथरूममध्ये गेले. गीझर चालू होता का? नव्हता, बटण बंद होतं. दिवा? तो प्लास्टिकच्या होल्डरमध्ये, सात फूट उंचीवर. मग नळात वीज येणार कुठून? त्यांनी स्वतः नळ धरून पाहिला. दहा सेकंद धरला. काहीही झालं नाही. दोष नळात नव्हता.

दोष नळात नाही म्हटल्यावर तो वसुंधराबाईंमध्ये असणार. बाथरूममध्ये तिसरं कोणी नव्हतंच.

डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हची शंका घेतली. शाकाहारी माणसाचं ते कमीच असतं, असं म्हणून त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि वेळ जायला नको म्हणून त्याच कागदावर गोळ्या आणि महिन्याचं इंजेक्शनही लिहून दिलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर आला. रघुवीररावांनी त्याचा प्रिंट काढला, त्याला भोकं पाडली आणि ‘वसुंधरा, मेडिकल’ अशी चिठ्ठी लावलेल्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून टाकला. फाइल करण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या कॉलेजात नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या. झिणझिण्या थांबल्या नाहीत. आणि मग फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, वसुंधराबाई सहज म्हणून गेल्या:

“एक सांगू का? तुम्ही घरी नसलात की होत नाही.”

रघुवीररावांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही, पण त्यानंतर त्यांनी पेपरातलं काही वाचलंही नाही.

एकोणतीस वर्षांच्या संसारात बायकोने नवऱ्याबद्दल अनेक गोष्टी म्हटलेल्या असतात, आणि नवऱ्याला त्यातल्या बऱ्याच ऐकूही आलेल्या नसतात. ही ऐकू आली. स्वयंपाकघरातल्या दुधाच्या कॅलेंडरवर वसुंधराबाई झिणझिणी आलेल्या दिवशी पेन्सिलने एक बारीक टिंब देत, गणिताची सवय. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्यावर रघुवीररावांनी ते कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि आपली प्रवासाची डायरी शेजारी ठेवली. एक्स्टर्नल एक्झामिनर म्हणून ते उज्जैन, देवास, भोपाळ असे मिळून तेवीस दिवस बाहेर होते. तेवीस दिवसांच्या चौकोनांत दूध होतं, टिंब नव्हतं. रविवारीही टिंब नव्हतं, आणि तिथे ते थोडे घोटाळले, कारण रविवारी ते घरीच असत. पण रविवारी ते आठपर्यंत झोपत. झोपलेला नवरा हा गैरहजरच धरावा, असं त्यांनी ठरवलं, आणि मग सगळं तंतोतंत जुळलं. ज्या निष्कर्षाच्या बाजूने तेवीस निरीक्षणं आहेत आणि विरुद्ध एकही नाही, तो केवळ आपल्याला आवडत नाही म्हणून नाकारता येत नाही, हे ते विद्यार्थ्यांना सांगत आले होते.

त्यांनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं आणि ते सरळ आहे ना, ते दोनदा पाहिलं.

पुढच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना एकट्याने गाठून ही गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या वयात बायकांची घुसमट होते, म्हणाले, त्या बोलत नाहीत, मग शरीर बोलतं. घरात जरा हवा खेळती ठेवा.

रघुवीररावांनी दोन्ही सल्ले मनावर घेतले. घुसमट कमी करायची म्हणून त्यांनी बाहेरगावच्या परीक्षा जास्त मागून घेतल्या. जबलपूरला कोणी जायला तयार नसे, तिथेही हे गेले. लॉजच्या पलंगावर सकाळी सहाला त्यांना आपोआप जाग येई, आणि आता ती नळाला हात लावत असेल आणि तिला काही होत नसेल, या विचाराने त्यांना बरं वाटे. बरं वाटणं म्हणजे नेमकं काय वाटणं, याची ते चौकशी करत नसत. घरी असले की शक्य तितके गप्प राहत आणि शक्य तितके कॉम्प्युटरच्या खोलीत राहत. पहाटे साडेपाचला उठून तिथे बसायची सवय होतीच, आता ते सातपर्यंत बाहेरच येत नसत, म्हणजे सकाळी तिच्या वाटेत यायला नको. वसुंधराबाई त्यांची बॅग भरून देत, दशम्या बांधून देत, आणि आताशा कधी येणार ते विचारत नसत. त्यांनी झिणझिण्यांबद्दल बोलणंही सोडलं होतं. त्या रबरी स्लिपर घालून आंघोळ करत आणि नळ कोरड्या पंच्याने धरून सोडत. कॅलेंडरवर टिंबं मात्र पडत होती.

राहिली खेळती हवा. बाथरूमला खिडकी नव्हती, नुसती एक जाळी होती. छताला बुरशी धरली होती. तिथे एक्झॉस्ट फॅन हवा. दिव्याच्या बटणावरच तो चालू झाला पाहिजे, म्हणजे लावायला कोणी विसरणार नाही. आणि तो रघुवीररावांनी स्वतःच्या हाताने लावायचा. इलेक्ट्रिशियन बोलावणं त्यांना पटेना. ज्या घरात आपल्यामुळे कोणाचा जीव गुदमरतो, त्या घरातली निदान एक खोली आपल्या हाताने मोकळी करावी, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. प्रेम व्यक्त करायची ही रीत त्यांनी एकट्यानेच शोधून काढली होती, आणि ती बरोबर आहे की नाही हे विचारण्यासारखं घरात एकच माणूस होतं.

त्यांनी ग्राफपेपरवर आकृती काढली. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. फेज आधी बटणात, मग पंख्याला. बटण बाथरूमच्या बाहेर. पंखा शॉवरपासून दूर. आकृतीला सातपैकी सात पडले असते. रविवारी सकाळी त्यांनी मेन स्विच पाडला, टेस्टरने दोनदा खात्री केली, स्टुलावर चढले आणि दारावरच्या जंक्शन बॉक्सचं झाकण उघडलं.

आत अकरा तारा होत्या आणि अकराच्या अकरा पिस्ता रंगाच्या होत्या.

रघुवीररावांनी आकृतीकडे पाहिलं. मग बॉक्समध्ये पाहिलं. मग एखाद्याच्या खोलीत न विचारता शिरल्यावर मागच्या पावली बाहेर यावं तसं त्यांनी झाकण परत लावलं.

“काय झालं?” खालून वसुंधराबाईंनी विचारलं.

स्टूल हलतंय, असं त्यांनी सांगितलं. धरायला माणूस लागेल. आणि त्यांनी गोपीनाथांना फोन केला.

गोपीनाथ बड्या गणपतीजवळ राहत. होळकरांच्या वेळेपासून त्यांचं घराणं इंदुरात होतं, पणजोबा वाड्यात दिवाबत्तीला होते म्हणत. तेव्हापासून खात्यात बदल झाला नव्हता. अर्ध्या तासात ते स्कूटरवरून आले, कापडी पिशवी घेऊन, आणि स्टुलाकडे न पाहता थेट मीटरच्या पेटीकडे गेले. चिनी मातीचा जुना फ्यूज उपसून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला.

“मेन मी पाडलेलाच आहे,” रघुवीरराव म्हणाले.

“सर, पाडलेला मेन कोणी पण उचलून देतं. दूधवाला बेल वाजवतो, वाजत नाही, घरातलं माणूस जाऊन उचलतं. फ्यूज माझ्या खिशात, मग मी जिवंत.” मग त्यांनी बॉक्स उघडला, अकरा पिस्ता तारा पाहिल्या आणि फक्त अस्सल इंदुरी “वा भिया” म्हणाले. हे ज्याने वायरिंग केलं होतं त्या अनुपस्थित माणसाला उद्देशून होतं.

पुढचे दोन तास रघुवीररावांनी एकतीस वर्षांत न पाहिलेली गोष्ट पाहिली: जोडणी होताना. गोपीनाथांनी प्रत्येक तार कुठून येते आणि कुठे जाते ते शोधून तिला रंगीत टेप गुंडाळली, तेव्हा कुठे बॉक्स आकृतीसारखा दिसू लागला. जाळीच्या जागी पंखा बसवला. बाहेरची हवा आत यायला दाराखाली बोटभर फट आहे ना, ते पाहिलं. नाहीतर पंखा फिरेल पण ओढणार काय, म्हणाले. दिव्याचा होल्डर काढून वाफ न शिरणारा बंद दिवा लावला. सरांची आकृती त्यांनी भिंतीला चिकटवून ठेवली होती आणि मधूनमधून तिच्याकडे बघून मान हलवत होते, आपण गणपतीच्या फोटोकडे बघून हलवतो तशी. चहा झाला. चहाच्या वेळीसुद्धा फ्यूज खिशातच होता.

“आता पंख्याची बॉडी लोखंडी आहे,” शेवटी ते म्हणाले. “अर्थ दिला. पण अर्थ आहे की नाही, ते तर बघावं लागेल न.”

अर्थ आहेच, रघुवीरराव म्हणाले. घर बांधलं तेव्हाच गेटजवळ खड्डा घेतला होता, तांब्याची प्लेट, मीठ, कोळसा, सगळं नियमाप्रमाणे. फोटो आहेत. फाइल दाखवू का?

फाइल राहू द्या, असं गोपीनाथांनी नम्रपणे सुचवलं. घरात कोणी नळाला, फ्रिजला हात लावू नका, असं सांगून त्यांनी फ्यूज परत बसवला, पिशवीतून व्होल्ट मोजायचा मीटर काढला आणि त्याचं एक टोक न्यूट्रलवर, एक अर्थवर ठेवलं. या दोन तारांमध्ये जवळजवळ काहीच दिसायला नको असतं. एक, दोन, फार तर तीन. रघुवीरराव हे पहिल्याच प्रकरणात शिकवत.

मीटरवर एकशे सात आलं.

रघुवीररावांनी मीटर बिघडला असेल असं म्हटलं. गोपीनाथांनी मीटर तसाच धरला. त्यांनी कान टवकारले. आतल्या खोलीतून बारीक घरघर येत होती. वीज आली तसा रघुवीररावांचा कॉम्प्युटर त्याच्या सवयीप्रमाणे आपणहून चालू झाला होता.

“मॅडम, जरा तो कॉम्प्युटर भिंतीच्या बटणावरून बंद करता? बटणाला कोरडा हात.”

वसुंधराबाई आत गेल्या. घरघर थांबली. मीटरवर एकशे सातचे नऊ झाले.

“आता लावा.”

एकशे सात.

“बंद करा.”

नऊ.

वसुंधराबाई बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. बाथरूममध्ये नवा पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज, खोक्यावर लिहिल्याप्रमाणे, खरोखरच कमी होता.

काय झालं आहे हे तिथे सर्वांत नीट रघुवीररावांना कळत होतं, आणि हाच त्यातला वाईट भाग होता. कॉम्प्युटरच्या पेटीतून थोडीशी वीज नेहमीच अर्थच्या तारेत झिरपते. ती जमिनीत जावी, कोणाला कळूही नये, यासाठीच ती तार असते. पण घराची अर्थ जर जमिनीला पोचतच नसेल, तर ती वीज जाणार कुठे? ती घरभर फिरणार. फ्रिजच्या अंगावर, गीझरच्या अंगावर, गीझरमधून पाइपात आणि पाइपातून नळात. गीझरचं बटण बंद असून काही उपयोग नाही. बटण अर्थची तार तोडत नाही. हे सगळं त्यांनी समजावून सांगितलं. भिंतीकडे तोंड करून, वर्गात सांगत तसं, पायरीपायरीने. पट्टी तेवढी हातात नव्हती.

गोपीनाथांनी वसुंधराबाईंना विचारलं, झटका वगैरे लागत होता का. झिणझिण्या, त्या म्हणाल्या. दीड वर्ष.

“रोज?”

“हे घरी नसले की नाही.”

“आणि सर सकाळी कॉम्प्युटर किती वाजता लावतात?”

“साडेपाच.”

“संडेला?”

“रविवारी झोपलेले असतात.”

गोपीनाथांनी मान हलवली. ते एकतीस वर्षं सरांच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले गृहस्थ होते; या वेळीही ते भिंतीला टेकले आणि त्यांनी सरांकडे न पाहता मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

पहाटे साडेपाच ते सात रघुवीरराव कॉम्प्युटरवर काय करत, ते त्यांनी कोणी न विचारता सांगितलं. कॉलेजच्या पोर्टलसाठी ते व्हिडिओ लेक्चरं तयार करत होते. विषय, घरगुती विद्युत सुरक्षा. चाळीस भागांपैकी सव्वीस झाले होते.

मग सगळे गेटजवळ गेले. अर्थचा खड्डा कुठे आहे, हे फोटोवरून नक्की करावं लागलं, कारण तो दिसत नव्हता. तिथे राखाडी आणि लाल फरशीचे ब्लॉक होते, एकाला एक घट्ट, स्वच्छ. हे ब्लॉक मागच्याच्या मागच्या दिवाळीत बसवले होते. इंदूर स्वच्छतेत दर वर्षी देशात पहिलं येऊ लागल्यापासून राजेंद्र नगरात प्रत्येकाला आपलं अंगणही पहिलं यावं असं वाटू लागलं होतं, आणि गेटजवळचं ते गंजकं झाकण, त्यातून वर आलेली ती लोखंडी पट्टी, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं आणि चिखल करायचा, हे रघुवीररावांच्या डोळ्यांत खुपत होतं. मिस्त्रीने विचारलं होतं. तेवढं त्यांना आता आठवलं, आणि न आठवतं तर बरं झालं असतं. साहब, ये पट्टी बीच में आ रही है. रघुवीरराव तेव्हा फोनवर पेपराचे प्रश्न सांगत होते. त्यांनी फोनवर हात ठेवून मिस्त्रीला सांगितलं होतं, जे करायचं ते कर, पण दिसता कामा नये.

मिस्त्रीने तसंच केलं होतं. गोपीनाथांनी पहारीने चार ब्लॉक उचकटले, तर कापलेल्या पट्टीचं टोक मातीत विटीसारखं पडलं होतं. दुसरं टोक भिंतीला, प्लॅस्टरच्या आत. मधली वीतभर जागा मोकळी.

“दिसत नाही खरं,” वसुंधराबाई म्हणाल्या. आवाज शांत होता.

गोपीनाथांनी परत फ्यूज काढून खिशात ठेवला. मधला तुकडा नटबोल्टांनी जोडला. प्लेटच्या खड्ड्यातली काळी माती उन्हाळ्याने भाजून भेगाळली होती. तिच्यात मीठ आणि कोळसा भरायचा होता आणि पाणी ओतायचं होतं. पाणी रघुवीररावांनी आणलं. मागच्या टाकीवरून पुढच्या गेटपर्यंत, एकेक बादली, चौदा खेपा. गोपीनाथांनी दोनदा म्हटलं, सर राहू द्या, मी नळी लावतो. ते म्हणाले, नाही. सहाव्या खेपेला शेजारच्या अनुश्री वहिनींनी गेटवरून विचारलं की झाड लावताय का. त्यालाही ते नाही म्हणाले. मातीने पाणी असं शोषलं की बादली रिकामी होईपर्यंत खड्डा कोरडा.

फ्यूज परत बसला, कॉम्प्युटर लावला, आणि मीटरवर दोन आलं. गोपीनाथांनी वर मेनच्या शेजारी एक छोटी पेटीही बसवली. वीज चुकीच्या वाटेने जरा गेली तरी क्षणात सगळं बंद करणारी. ती सरांच्या अभ्यासक्रमात प्रकरण नऊला होती. हा खड्डा आता ब्लॉकने झाकायचा नाही, झाकण उघडं राहील, उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी, हे त्यांनी वसुंधराबाईंना सांगितलं. सरांना सांगितलं नाही. जाताना भिंतीवरची आकृती काढून त्यांनी नीट घडी घातली आणि विचारलं, ही मी नेऊ का, लॅबमध्ये लावतो. एकदम सही आहे.

संध्याकाळी वसुंधराबाईंनी रघुवीररावांना आपल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावायला सांगितलं. ते बसले. घरघर सुरू झाली. पडद्यावर सत्ताविसाव्या भागाचं शीर्षक आलं. बाथरूमचा दिवा लागल्याचा आणि पाठोपाठ पंख्याचा आवाज त्यांना ऐकू आला. मग स्लिपर काढून ठेवल्याचा.

“चालू आहे का?” तिथून वसुंधराबाईंनी विचारलं.

“चालू आहे.”

बराच वेळ काही नाही. पाण्याचा आवाज आला, थांबला, परत आला. रघुवीरराव दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, रिझल्ट लागायच्या आधी मुलं बसतात तसे.

वसुंधराबाई ओले हात पुसत दारात आल्या. अनवाणी.

“काही नाही होत,” त्या म्हणाल्या.

रघुवीररावांनी कॉम्प्युटरकडे पाहतच सांगितलं, “मला वाटलं होतं, माझ्यामुळे होतंय.”

“तुमच्यामुळेच होत होतं.”

हे खरं होतं. पंखा फिरत होता. थोड्या वेळाने वसुंधराबाईंनी विचारलं, जबलपूरला तीन तीनदा कशाला जात होतात.

“तुला बरं वाटावं म्हणून.”

वसुंधराबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. त्यांनी पंच्याची घडी घातली, मग ती मोडून परत घातली.

“मला वाटलं, माझ्या कुरकुरीचा कंटाळा आला तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी सांगायचं बंद केलं.” आणि मग, “दशम्या आवडायच्या का तरी?”

“पहिल्या दिवशी.”

त्या हसल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. कॉम्प्युटर बंद करा आता, म्हणाल्या, जेवायला बसू. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडरवर आजच्या तारखेला काहीही केलं नाही.

जेवणानंतर त्या सवयीने बी-ट्वेल्व्हची गोळी काढू लागल्या, तेव्हा रघुवीरराव म्हणाले की आता ती बंद करायला हरकत नसावी, मात्र असं एकदम औषध सोडू नये, आधी किती कमी होतं ते पाहून ठरवू. त्यांनी ‘वसुंधरा, मेडिकल’ ही फाइल काढली. कागद तारखेप्रमाणे लावलेले होते, त्यामुळे शोधावं लागलं नाही. दुसऱ्याच पानावर दीड वर्षापूर्वीचा रिपोर्ट होता.

बी-ट्वेल्व्ह नॉर्मल होतं.